जन्मल्या जन्मल्या कसली आलीय व्हिटॅमिनची कमतरता?

“आत्ताशी तर जन्मलंय पोर. त्याला कसली आलीय व्हिटॅमिनची कमतरता?”

लालबागच्या एका आजींनी हे विचारलं तेव्हा मी सिरिंज भरत होते. नातू तासाभराचा. आईच्या छातीशी लागून दूध ओढायला शिकत होता. शेजारी बाळाचे बाबा मोबाइल धरून उभे होते, आणि त्यावर कुणीतरी पाठवलेलं रील चालू होतं: बाळाला जन्मल्या जन्मल्या काही टोचू देऊ नका, निसर्गाने त्याला परिपूर्ण करून पाठवलंय.

मी मुंबईत प्रसूती विभागात परिचारिका आहे, वीस वर्षं उलटून गेली. पूर्वी बाळाच्या या व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनबद्दल कुणी विचारायचं नाही. आम्ही द्यायचो, केसपेपरवर लिहायचो, पुढच्या बाळाकडे वळायचो. आता घरचे विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे काही उत्तर झालं नाही. पण वॉर्डात एका वेळी तीन बाळंतिणी असतात, नीट सांगायला सवड होत नाही. आजींना तेव्हा घाईत जे सांगता आलं नाही, ते इथे सांगते. सुरुवात रक्तापासून करते, कारण हे इंजेक्शन बाळाला रक्तस्रावापासून वाचवण्यासाठी असतं.

रक्त थांबतं ते कसं?

विळीवर भाजी चिरताना बोट कापलं की आपण ते दाबून धरतो, आणि पाचेक मिनिटांत रक्त थांबतं. आपल्याला वाटतं, दाबल्यामुळे थांबलं. आत मात्र दोन कामं झालेली असतात. आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन तात्पुरता बोळा बसवतात. मग त्या बोळ्यावर धाग्यांचं जाळं विणलं जातं, म्हणून तो टिकतो. हे जाळं विणायला डझनभर प्रथिनं लागतात. एक जागं झालं की ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. या प्रथिनांना डॉक्टर ‘फॅक्टर’ म्हणतात आणि आकड्यांनी ओळखतात. यातले बहुतेक फॅक्टर यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतात.

यातल्या चौघांचं, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा नंबरच्या फॅक्टरचं, व्हिटॅमिन केशिवाय अडतं.

आमच्या गल्लीत एक शिंपी आहेत. शर्ट ते स्वतः शिवतात, पण काज-बटणाला पलीकडच्या दुकानात पाठवतात. ते दुकान बंद असलं तरी यांचं मशीन चालूच असतं. शर्टांचा ढीग लागतो, कापड तेच, शिलाई तीच, पण अंगात घालून बंद करता येईल असा एकही शर्ट त्यात नसतो. व्हिटॅमिन के हे काज-बटणाचं दुकान समजा. ते नसलं तरी यकृत फॅक्टर बनवतच राहतं, पण बिनबटणाचे. व्हिटॅमिन के त्या फॅक्टरना एक छोटासा रासायनिक जोड लावून देतं. त्या जोडामुळे ते कॅल्शियम धरू शकतात, आणि कॅल्शियमच्या आधाराने जखमेच्या जागी चिकटतात. जोड नसला तर ते रक्तातून नुसते वाहत जातात. जाळं विणलं जात नाही, बोळा ढासळतो, रक्त वाहत राहतं.

तुमच्या घरात कुणाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल तर वॉरफरिन हे गोळीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती गोळी काय करते? हेच काज-बटणाचं दुकान मुद्दाम अर्धं बंद ठेवते, म्हणजे झडपेवर रक्त साकळत नाही. त्या माणसांना डॉक्टर बजावतात, कधी मूठभर तर कधी जुडीभर पालेभाजी खाऊ नका, प्रमाण एकसारखं ठेवा. कारण पालक, मेथी, माठ या हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

हे ‘के’ कुठून आलं?

डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम नावाचे शास्त्रज्ञ १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करत होते. त्यांना बघायचं होतं कोलेस्टेरॉलचं, म्हणून त्यांनी पिल्लांना चरबी काढून टाकलेलं खाद्य दिलं. पिल्लांना कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. तोवर माहीत असलेली सगळी व्हिटॅमिनं देऊन झाली, तरी रक्त थांबेना. म्हणजे चरबीबरोबर आणखी काहीतरी काढलं गेलं होतं. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी १९३५ मध्ये नाव दिलं. रक्त गोठण्याला जर्मन आणि डॅनिश भाषांत जो शब्द आहे तो ‘के’ या अक्षराने सुरू होतो, त्यावरून व्हिटॅमिन के. पुढे अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली, आणि दोघांना मिळून १९४३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

बाळांचा रक्तस्राव मात्र डॉक्टरांना त्याआधीच माहीत होता. बॉस्टनच्या चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ मध्ये अशा पन्नास नवजात बाळांची नोंद केली होती. जन्मताना धडधाकट, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठून ना कुठून रक्त. कारण कळायला पुढे चाळीसेक वर्षं जावी लागली.

बाळाकडे हे कमी का?

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. आईच्या अंगात व्हिटॅमिन के पुरेसं असतं, तरी बाळाकडे का नसतं?

पहिली गोष्ट, वारेतून ते पलीकडे जेमतेम झिरपतं. लोह, कॅल्शियम वार बाळाकडे ओढून नेते, व्हिटॅमिन के मात्र अडून राहतं. नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्ताच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढंच सापडतं.

दुसरी गोष्ट, आपल्या आतड्यातले काही जिवाणू थोडं व्हिटॅमिन के तयार करतात. नवजात बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसायची असते. त्यातून त्याचं यकृतही कच्चं असतं, हे चार फॅक्टर मुळातच मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास असतात. जे थोडे असतात त्यांनाही बटणं नाहीत.

आणि तिसरी गोष्ट आईच्या दुधाची. ही सांगताना मी फार जपून बोलते, कारण अर्धवट ऐकलं तर घरात भलताच निष्कर्ष निघतो. आईच्या एक लिटर दुधात व्हिटॅमिन के साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम असतं. डब्याच्या दुधात ते कारखान्यात वरून मिसळलेलं असतं, लिटरमागे पन्नासच्या पुढे. म्हणून हा रक्तस्राव जवळजवळ नेहमी निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांत दिसतो. याचा अर्थ डब्याचं दूध चांगलं असा अजिबात नाही. आईच्या दुधातून जंतूंशी लढायची जी ताकद मिळते ती कुठल्याही डब्यात मिळत नाही. एक गोष्ट त्यात कमी आहे, तीही एका इंजेक्शनात भरून निघते. तेवढ्यासाठी सहा महिन्यांचं अंगावरचं दूध कुणी सोडू नये.

आई पालेभाज्या खाते की!

हे मला हमखास ऐकायला मिळतं. “शेपू चालू केलाय, मेथीचे लाडू आहेत, अळीवाची खीर आहे, दुधातून जाईल की बाळाला.” बाळंतिणीला हे सगळं जरूर द्या, तिची ताकद भरून यायला हवी. पण रोजच्या जेवणातलं व्हिटॅमिन के दुधात फार थोडं उतरतं. दुधातलं प्रमाण खरोखर वाढवायचं तर आईला रोज मिलिग्रॅममध्ये औषधी मात्रा घ्यावी लागते. तेवढं जुडीभर शेपूने होत नाही.

रक्तस्राव कधी होतो आणि कसा दिसतो

डॉक्टर याचे वयानुसार तीन प्रकार मानतात. पहिला, जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आतला. यात बहुतेक वेळा कारण आईच्या औषधांत असतं. आकडीवरची काही औषधं (फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन), टीबीची रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड, आणि वर सांगितलेली वॉरफरिन. मुंबईत टीबीचे उपचार घेता घेता बाळंत होणाऱ्या बायका आम्ही नेहमी पाहतो, म्हणून मुद्दाम सांगते: गोळ्या मनाने बंद करू नका. आईचा टीबी किंवा आकडी बळावली तर दोघांच्या जिवावर बेतेल. फक्त पहिल्या तपासणीपासून प्रत्येक डॉक्टरला सांगा की या गोळ्या चालू आहेत. लेबर रूममध्ये आल्यावरही पुन्हा सांगा.

दुसरा प्रकार पहिल्या आठवड्यातला, टाउनसेंड यांनी पाहिला तो. बेंबी ओली राहते आणि रक्त झिरपतं, उलटीत किंवा शीमध्ये रक्त दिसतं, सुई टोचलेली जागा थांबत नाही. इंजेक्शन दिलं नाही तर हजारात अडीच ते सतरा बाळांमध्ये असं होऊ शकतं. बाराव्याला कान टोचायची आपल्याकडे पद्धत आहे, काही घरांत लवकर सुंता करतात. ज्या बाळाला व्हिटॅमिन के मिळालेलं नाही, त्याचा दोष कधी कधी अशा वेळीच पहिल्यांदा उघडा पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले तो. दुसऱ्या आठवड्यानंतर, बहुतेकदा बारा आठवड्यांच्या आत, पण सहा महिन्यांपर्यंत कधीही. एव्हाना बारसं झालेलं असतं, बाळाने बाळसं धरलेलं असतं, ते हसायला लागलेलं असतं. इंजेक्शन न मिळालेल्या बाळांत याचं प्रमाण लाखात चार ते सात मानतात. थायलंडसारख्या काही आशियाई देशांत पूर्वी याहून कितीतरी जास्त आढळत होतं. लाखात चार-सात म्हणजे कमीच, असं वाटेल. पण यातल्या निम्म्या बाळांना रक्तस्राव होतो तो थेट मेंदूत. दर पाचातलं एक बाळ दगावतं. जगलेल्यांपैकी अनेकांना आकडी, हातापायांचा कडकपणा, उशिरा बोलणं-चालणं हे सगळं जन्मभर पुरतं.

असं एक बाळ मी जवळून पाहिलंय. पाच आठवड्यांचा मुलगा, रात्री अकराच्या सुमारास आणलेला. आई सांगत होती, कालपासून दूध ओढत नाही, आज दोनदा उलटी झाली, नुसता झोपून असतो. मी झबलं वर केलं आणि टाळूवर हात ठेवला. टाळू मऊ लागायला हवी, ती ताणलेली होती, वर आलेली. आजी म्हणाली, “परवा नाकातून थोडं रक्त आलं होतं, झबल्याला लागलं. आम्हाला वाटलं नखाने ओरबाडलं असेल.” ते झबलं पिशवीतच होतं, धुतलेलं, पण गळ्याशी तपकिरी डाग राहिलेला. डॉक्टरांनी बाळाचं डिस्चार्ज कार्ड मागितलं. उपनगरातल्या एका नर्सिंग होमचं होतं. बीसीजीची नोंद होती, पोलिओची होती. व्हिटॅमिन केच्या ओळीपुढे जागा कोरी होती. त्याच रात्री शिरेतून व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा सुरू झाला, रक्त थांबलं. मुलगा वाचला. डाव्या हाताची मूठ तो बरीच वर्षं उघडू शकत नव्हता, आई त्याला आठवड्यातून तीनदा लोकलने फिजिओथेरपीला घेऊन यायची.

नाकातला तो थेंब फार महत्त्वाचा होता. मेंदूत रक्तस्राव होण्याच्या आधी काही दिवस अनेक बाळांत अशी छोटी खूण दिसून जाते. नाकातून थेंबभर रक्त, बेंबीतून रक्त, कारण नसताना काळं-निळं पडणं. अशी खूण सहा महिन्यांच्या आतल्या बाळात दिसली तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि बाळ दूध सोडून निपचित पडलं, पांढुरकं दिसायला लागलं, टाळू फुगली, किंचाळल्यासारखं रडू लागलं किंवा आकडी आली तर दिवस-रात्र न बघता थेट मोठं हॉस्पिटल.

उगाच कशाला घाबरायचं नाही, तेही सांगते. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळी-हिरवी, डांबरासारखी असते, ते रक्त नव्हे. पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मापासून असलेले निळसर-करडे डाग आपल्याकडच्या बाळांत सर्रास असतात, ते मार नव्हेत. आईच्या स्तनाग्राला चीर असेल तर तिथलं रक्त दुधाबरोबर बाळाच्या पोटात जाऊन उलटीत दिसू शकतं. मात्र हे शेवटचं कारण घरी बसून ठरवू नका.

इंजेक्शन देतात ते नेमकं काय?

बोटाच्या पेराएवढी काचेची अँप्युल, बहुतेक तपकिरी, कारण उजेडाने औषध खराब होतं. आत पिवळसर थेंब. मात्रा १ मिलिग्रॅम, एक किलोच्या आतल्या बाळाला अर्धा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, एकदाच. जन्मल्यावर आधी बाळाला आईच्या छातीवर ठेवायचं, दूध सुरू करायचं, आणि पहिला तास उलटला की द्यायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ मध्येच प्रत्येक नवजात बाळाला हे द्यावं असं ठरवलं. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये याच्या सविस्तर सूचना काढल्या, त्यात गावच्या उपकेंद्रापर्यंत जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे प्रत्येक बाळाला हे द्यायचं आहे. ही लस नाही. यात कुठल्याही रोगाचा जंतू नाही. पालेभाजीत असतं तेच के-१, फक्त औषधाच्या रूपात.

दुखतं का? दुखतं, पण सुई बारीक असते आणि काम काही सेकंदांचं. मी बाळ अंगावर पीत असतानाच देते. लालबागच्या आजींचा नातू एकदा कळवळला, दोन हुंदके दिले आणि पुन्हा दुधाला लागला. आजींनी मांडीवर धरलेला कापूस मात्र मी सांगूनही बराच वेळ सोडला नाही.

एवढी मोठी मात्रा कशाला?

रीलमध्ये एक आकडा हमखास असतो: बाळाला दिवसाला लागतं २ मायक्रोग्रॅम, आणि तुम्ही देता १,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाचशे पट! हिशेब बरोबर आहे. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

मुंबईत ज्यांच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं त्यांना हे लगेच कळेल. तास-दीड तासात टाकी भरून घ्यायची, मग दिवसभर नळाला पाणी. टाकीत हजार लिटर आहे म्हणून कुणी हजार लिटर एकदम पीत नाही. मांडीच्या स्नायूत दिलेलं व्हिटॅमिन के तसंच काम करतं. काही लगेच यकृतात जातं आणि काही तासांत बटणं लागू लागतात, उरलेलं स्नायूतून हळूहळू सुटत राहतं. बाळाला वरचं अन्न सुरू होईपर्यंत, धोक्याचे सगळे आठवडे हा साठा त्याला पुरतो.

मग तोंडाने थेंब का नाहीत?

रास्त प्रश्न आहे, काही देशांत तोंडाने देतातही. पण ते एकदा देऊन भागत नाही. जन्मल्यावर, पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी, किंवा काही ठिकाणी रोज. म्हणजे टाकीऐवजी बादल्या भरणं. एक बादली चुकली की त्या दिवशी कोरडं. बाळंतीण माहेरी, मग गावी, मग परत मुंबईत, या धावपळीत तिसरी मात्रा नक्की जाईल याची खात्री कोण देणार?

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. व्हिटॅमिन के चरबीत विरघळतं, ते आतड्यातून शोषायला पित्त लागतं. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मतः बंद असतात, आणि सुरुवातीला ते कुणालाच कळत नाही. अशा बाळाला तोंडाने कितीही दिलं तरी ते अंगी लागत नाही. नेदरलँड्समध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांना रोज २५ मायक्रोग्रॅम थेंब देत असत. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांना त्याचा उपयोग होत नाही हे दिसल्यावर २०११ मध्ये मात्रा १५० वर नेली, तरीही त्या बाळांना पुरेसं संरक्षण मिळालं नाही. स्नायूतल्या इंजेक्शनला पित्ताची गरजच पडत नाही.

विषय निघालाच आहे तर सांगते: बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नसेल आणि शी पांढुरकी, खडूसारखी होत असेल, तर कोवळ्या उन्हात ठेवण्यात दिवस घालवू नका. पित्तनलिकेचं ऑपरेशन जितकं लवकर तितका त्याचा उपयोग.

कॅन्सर होतो म्हणतात, कावीळ होते म्हणतात

कॅन्सरची भीती आकाशातून पडलेली नाही. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या एका अभ्यासात हे इंजेक्शन आणि लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर यांचा संबंध असावा असं दिसलं होतं. तो अभ्यास लहान होता, पण भीती खरी होती, म्हणून अनेक देशांत तपासणी झाली. स्वीडनमध्ये १३ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, १९९३ मध्ये निष्कर्ष आला: संबंध सापडला नाही. पुढच्या अभ्यासांतही तो टिकला नाही. दरम्यान काही ठिकाणी घाबरून इंजेक्शनऐवजी तोंडाने द्यायला लागले होते, तिथे उशिराचे रक्तस्राव पुन्हा दिसू लागले.

कावीळीची गोष्टही अशीच जुनी आहे. १९५० च्या दशकात के-३ नावाचं कृत्रिम रूप मोठ्या मात्रेत देत. त्याने बाळांच्या तांबड्या पेशी फुटायच्या आणि कावीळ वाढायची. आता देतात ते के-१, त्याने या मात्रेत तसं होत नाही. इंजेक्शनच्या जागी थोडी लाली, सूज येऊ शकते. तीव्र ॲलर्जी नवजात बाळांत अतिशय दुर्मिळ आहे.

आणि नाकारल्यावर काय होतं, तेही पाहून झालंय. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात २०१३ मध्ये आठ महिन्यांत चार बाळं अशा उशिराच्या रक्तस्रावाने हॉस्पिटलात आली, सहा ते पंधरा आठवड्यांची. तिघांच्या मेंदूत रक्त होतं, एकाच्या आतड्यात. चौघांच्याही आईवडिलांनी जन्मल्यावर इंजेक्शनला नकार दिला होता. ते निष्काळजी नव्हते, बाळाच्या काळजीनेच त्यांनी नको म्हटलं होतं. लालबागचे ते बाबा मोबाइल घेऊन उभे होते ते काळजीनेच. त्यांच्यावर मला राग येत नाही. त्यांच्यापर्यंत आधी रील पोचलं, आम्ही नाही.

आमच्या वेळी कुठे होतं हे?

नव्हतं, खरंय. आणि त्या वेळी दगावलेली बाळंही मोजली जात नव्हती. ‘दृष्ट लागली’, ‘आकडी आली आणि गेलं’, ‘सटवाईने तेवढंच लिहिलं होतं’ असं म्हणून घरं गप्प बसायची. माझ्या आजीची दोन बाळं सव्वा महिन्याच्या आत गेली. ती कशाने गेली ते आता सांगता येणार नाही, आणि मी ते या रोगावर घालणारही नाही. पण ‘पूर्वी सगळी ठणठणीत होती’ हे ऐकलं की मला ती दोघं आठवतात.

राहून गेलं असेल तर?

नकारापेक्षा मला विसरण्याची धास्ती जास्त वाटते. बाळ जन्मल्या जन्मल्या रडलं नाही म्हणून धावपळ झाली, लहान नर्सिंग होममधून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, रिक्षात किंवा घरीच बाळंतपण झालं. अशा वेळी इथल्यांना वाटतं तिथे दिलं असेल, तिथल्यांना वाटतं इथे देतील.

राहून गेलं असेल तर वेळ गेली असं समजू नका. बाळ दहा दिवसांचं असो की महिन्याचं, बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा, तेव्हाही देता येतं. तोवर कान टोचणं पुढे ढकला. बाळाला बरेच दिवस जुलाब होत असतील किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर आवर्जून विचारा, कारण तेव्हा आतड्यातून मिळणारं थोडंफार व्हिटॅमिन केही कमी होतं.

आणि घरी निघायच्या दिवशी, बाळाला गुंडाळायच्या आधी, डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड दोन्ही उघडा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी यांच्या नोंदी बघता बघता व्हिटॅमिन के शोधा. तारीख, वेळ आणि सही हवी. ओळ कोरी असेल तर तिथल्याच सिस्टरला विचारा, “के दिलंय का?” टॅक्सी खाली खोळंबली असली तरी विचारा. दिलं असेल तर ती रजिस्टर बघून लिहून देईल, नसेल तर पाच मिनिटांत अँप्युल घेऊन येईल.